प्याँगचांगची ५० किमी शर्यत : ऐन अखेरीस स्की बदलणे योग्य होते का?

प्रश्न : दक्षिण कोरियातील प्याँगचांगच्या २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ५० किमी क्लासिक (दोन्ही स्की समांतर ठेवून पळण्याच्या) क्रॉस-कंट्री स्कीइंग शर्यतीत फिनलंडच्या ईवो निस्कानेनने शेवटच्या टप्प्यात थांबून स्की बदलल्या, रशियाचा बोल्शुनोव्ह मात्र न थांबता पुढे निघून गेला. मोलाचे सेकंद असे का घालवावेत?

उत्तर : क्लासिक प्रकारात चढावर मागे न घसरता पाय रोवता यावा म्हणून स्कीच्या तळाच्या मधल्या भागाला चिकट मेण लावतात. बर्फावर घासून घासून ते झिजते, आणि तळ मळला की उतारावरचा वेगही घटतो.

आणखी एक उत्तर : म्हणूनच तो निर्णय मला धाडसी आणि अचूक वाटतो. ताज्या स्कींवर निस्कानेनने बोल्शुनोव्हला गाठले, मागे टाकले आणि १८.७ सेकंदांनी सुवर्ण जिंकले. फिनलंडचे त्या स्पर्धेतील ते एकमेव सुवर्ण.