मुंबईत बसून उपग्रहाच्या फोटोवर गावचं रान सांभाळता येतं का?

औसेकर_भांडुप
औसा तालुक्यात आमचं चार एकर रान आहे. सोयाबीन आणि मधे तुरीचे पट्टे. चुलतभाऊ वाट्याने करतो, मी नोकरीमुळे भांडुपला. दोन खरीप झाले, सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाचे फोटो फोनवर बघतोय. फुकट मिळतात आणि आभाळ मोकळं असलं तर दर पाच दिवसांनी नवा येतो. पीक जोमात असेल तिथे गडद हिरवं दिसतं, मार खात असेल तिथे पिवळं, लाल.

गेल्या ऑगस्टमध्ये सकाळच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या फोटो उघडला, तर ओढ्याकडच्या कोपऱ्यात चार-पाच चौकोन पिवळे. आधीच्या फोटोत तिथे हिरवं होतं. भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, रस्त्यावरून तर सगळं एकसारखं दिसतंय." तरी गेला. गुडघाभर सोयाबीनमध्ये शिरल्यावर पाय चिखलात रुतला. झाड उपटलं तर मुळं तपकिरी, मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या तर आत गुलाबी रंग नाही, म्हणजे गाठी मेलेल्या. बांधालगतचा चर गाळाने बुजला होता. दुपारभर खोरं चालवून त्याने चर मोकळा केला. मधलं पीक गेलं, कडेचं वाचलं.

गावाबाहेर राहणाऱ्या प्रत्येक शेतमालकाने हे शिकून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

जालन्याची_लेक
मला पटत नाही. आमची कपाशी आहे. एका वर्षी भावाने असेच फोटो काढून वडिलांना दाखवले, पूर्ण दिवाळीपर्यंत हिरवंगार. आणि बोंडात गुलाबी अळी. ती आत शिरली की छिद्र बुजतं, पानाला काही होत नाही. वरून बघणाऱ्याला तिचा पत्ता कसा लागणार? वडील एकरातून वीस हिरवी बोंडं तोडायचे, बांधावर बसून एकेक दाताखाली चेपून फोडायचे. विसात दोन किडकी निघाली की फवारणीची वेळ झाली. शिवाय कामगंध सापळ्यातले, म्हणजे मादीच्या वासाने ओढून धरलेले अळीचे नर पतंग रोज सकाळी मोजायचे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ आले की सावध व्हायचं. त्या वर्षी वडील आजारी होते, बोंडं कुणी फोडलीच नाहीत. आम्ही फोटोवर विसंबलो आणि दुसऱ्या वेचणीला कवडीच, म्हणजे किडका डागी कापूसच हाती लागला.

पवईकर
याच विषयात काम करतो म्हणून लिहितो. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जवळजवळ निम्मा परत फेकतं. परत येणाऱ्या या दोन्ही प्रकाशांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की जो आकडा येतो, तोच नकाशावर रंगात दिसतो. म्हणजे पानांचा पसारा किती आहे आणि कसा आहे एवढंच त्यातून कळतं. पिवळं का पडलं ते कळत नाही. सोयाबीनमध्ये पाणी साचलं तरी पिवळं, लोह कमी पडलं तरी पिवळं, पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग आला तरी पिवळं. पहिल्याला चर काढायचा, दुसऱ्याला फेरस सल्फेट फवारायचं, तिसऱ्याला रोगट झाडं उपटून रोग पसरवणारी पांढरी माशी आवरायची. औसेकर, तुमचा भाऊ चिखलात उतरला म्हणून उत्तर मिळालं.

दुसरं, मापाचं. या उपग्रहाचा एक चौकोन १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. तुमच्या चार एकरात १६० चौकोन येतात, बरंच दिसतं. पण वाटण्या होऊन ज्यांच्याकडे साठ फुटी पट्टी उरलीय, त्यांच्या रुंदीत पूर्ण आत बसणारा चौकोन जेमतेम एक. बाकीच्यांत शेजाऱ्याचं पीक आणि बांधावरची बाभूळ मिसळते.

आणि ढग. जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच कित्येक आठवडे एकही स्वच्छ फोटो मिळत नाही. रडारचे उपग्रह ढगांपलीकडे बघतात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार त्यातलाच, दर १२ दिवसांनी तीच जमीन पुन्हा बघतो. पण रडारला ओल आणि पिकाची ठेवण कळते, हिरवेपणा नाही.

वसईची_वाडी
आमच्या वाडीत वर नारळ, मधे केळी, खाली पानवेल. वरून बघितलं तर बारा महिने हिरवंच. खाली पानवेल मर रोगाने सुकली तरी कुणाला दिसणार?

औसेकर_भांडुप
लेक ताई, कपाशीचं मान्य. पण एका पिकात चालत नाही म्हणून सोडून द्यायचं का? चार एकर उभं पीक रोज ओळीओळीने कोण फिरतं? माणूस बांधावरून बघतो, आतला कोपरा राहतोच. आज कुठे जायचं एवढं जरी फोटोने सांगितलं तरी मला पुरे आहे.

धाकला_दिवा
मी दिव्यात राहतो. माझा थोरला भाऊ गावाकडे दुसऱ्याचं रान वाट्याने करतो. त्याचे मालक ठाण्यात. गेल्या वर्षापासून त्यांचा फोन येतो, "पश्चिमेकडे लाल दिसतंय, खुरपलं नाहीस का?" भाऊ पहाटेपासून रानात असतो. त्या जागी मुरूम आहे, पीक कायमच विरळ येतं, हे त्याला वीस वर्षांपासून ठाऊक आहे. मालकांना ते फोटोत पहिल्यांदा दिसलं आणि संशय भावावर. औसेकर दादा, तुमचे फोटो तुमच्या भावाच्या फोनवर आहेत का? रानात राबणाऱ्याला ते आधी मिळाले पाहिजेत.

जालन्याची_लेक
धाकल्या भाऊंनी माझ्या मनातलं लिहिलं. आणि विम्याचीही मला भीती वाटते. २०२३ च्या खरिपापासून भाताच्या विम्यात उपग्रहावरून काढलेल्या उत्पन्नाला किमान ३० टक्के वजन दिलं आहे. हेच सोयाबीनला कसं चालेल? सोयाबीन काढणीला आलं की त्याची पानं आपणच गळतात, फोटो पिवळा पडतो. त्यावर पाऊस झाला आणि शेंगेतच दाण्याला मोड फुटले, तर फोटोत पिकलेलं आणि सडलेलं सारखंच दिसणार. नुकसानीची खबर द्यायची धावपळ आपण करायची आणि वरून कुणी "पीक ठीक होतं" म्हटलं तर? शेंग हातात घेऊन बघणारा माणूस पंचनाम्याला हवाच.

पवईकर
काढणीच्या वेळचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्या टप्प्यावर हिरवेपणाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

औसेकर_भांडुप
धाकल्या भाऊ, नाही, त्याच्या फोनवर नव्हते. दोन वर्षांत मला ते सुचलंच नाही. काल रात्री त्याला लिंक पाठवली, फोनवर तासभर बसून शेताची हद्द त्याच्याकडूनच आखून घेतली. मी पूर्वेची कड चुकीची आखली होती. शेजाऱ्याची दोन गुंठे तूर दोन वर्षं आमची म्हणून बघत होतो. विहिरीजवळचा जो तुकडा मला नेहमी फिका दिसायचा तिथे मळणी होते, म्हणून जमीन दबलेली आहे, हे त्याने लगेच सांगितलं. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. शनिवारी दोघं मिळून तो तुकडा खणून बघणार आहोत.