जेवणानंतरचा एक तास टीव्ही-मोबाइलविना: चौघांनी मिळून काय खेळावे?

मोगरा:
आमच्या घरी सासूबाई, आम्ही दोघे आणि अकरा वर्षांचा मुलगा अशी चार माणसे आहेत. रात्री साडेआठला जेवणे आटोपली की चौघेही एकाच खोलीत असतो, पण सासूबाई मालिकेत, मुलगा टॅबमध्ये आणि आम्ही दोघे आपापल्या मोबाइलमध्ये. मध्यंतरी टॅब आठवडाभर दुरुस्तीला होता, तेव्हा मुलाने माळ्यावरचा कॅरम काढायला लावला आणि सासूबाईंनी पहिल्याच डावात राणी कव्हरसकट घेतली. त्यांना इतके खुललेले मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. टॅब परत आला आणि कॅरम पुन्हा भिंतीला टेकला, याचे मला मनापासून वाईट वाटते. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही आणि कॅरमवर वाकून त्यांची पाठही दुखते. टेबलाभोवती बसून चौघांना रोज खेळता येईल असे काही सुचवाल का?

सह्यगिरी:
चार माणसे असतील तर मेंढीकोटासारखा दुसरा खेळ नाही, असे माझे ठाम मत आहे. समोरासमोरचे दोघे भिडू असतात, प्रत्येकाला तेरा पाने येतात आणि ज्या जोडीकडे जास्त दश्श्या जातील ती जिंकते; चारही दश्श्या मिळाल्या तर समोरच्यांवर कोट चढतो. हुकूम आधी ठरवू नका. उतरलेल्या रंगाचे पान ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम मानावा, म्हणजे शेवटपर्यंत उत्सुकता राहते. आजी आणि नातू यांना आवर्जून भिडू करा. कोणत्या रंगाची किती पाने गेली हे लक्षात ठेवण्यात जुनी माणसे फार तरबेज असतात आणि आजी दश्शी कधी सोडते व कधी दडवते, हे मुलगा आपोआप शिकतो. माझे पत्ते माझ्या आजीनेच घडवले, म्हणून हे खात्रीने लिहीत आहे.

कृष्णाकाठ:
खेळ कोणताही निवडा, आधी वेळ बांधा. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हेच केले. तिथे सायंकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होत आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुले अभ्यास करीत, मोठी माणसे वाचन किंवा गप्पा करीत. त्यात मला महत्त्वाचे वाटते ते हे की नियम लहानथोर सर्वांना सारखाच होता. मुलाचा टॅब काढून घेऊन वडील कार्यालयाचे संदेश पाहत बसले, तर तो तास चार दिवसही टिकणार नाही. सासूबाईंची मालिका मात्र तोडू नका. ती संपल्यावर डाव मांडा.

मोगरा:
दोघांचेही मनापासून आभार. दोन अडचणी आहेत. यजमानांची आठवड्यातून दोनदा रात्रपाळी असते, त्यामुळे त्या दिवशी आम्ही तिघेच उरतो. शिवाय मुलगा हरला की पाने टाकून उठतो.

सह्यगिरी:
तिघांसाठी पाच-तीन-दोन खेळा. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची २८ पाने आणि इस्पिक व बदाम यांच्या सत्त्या अशी ३० पाने घ्या, म्हणजे प्रत्येकी दहा येतात. हुकूम सांगणाऱ्याने पाच हात करायचे, पिसणाऱ्याने दोन आणि उरलेल्याने तीन. ही पाळी दर डावाला बदलते. ज्याचे हात कमी पडले, त्याच्याकडून जास्त हात करणारा पुढच्या डावात पाने ओढतो. त्यामुळे एका डावातली हार तिथेच संपत नाही, ती फेडण्यासाठी पुढचा डाव खेळावाच लागतो, आणि हरल्यावर उठून जाणाऱ्या मुलाला याच कारणासाठी मी हा खेळ आधी शिकवीन.

कृष्णाकाठ:
पहिले काही दिवस बदाम सात खेळलात तरी चालेल. बदामाची सत्ती ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची आणि तिच्या वर-खाली पाने लावत जायचे, एवढाच नियम असल्याने एक डाव पटकन उरकतो. रोज किती डाव खेळायचे हे पाने वाटण्यापूर्वी मुलालाच ठरवू द्या आणि तेवढे डाव पूर्ण झाल्याशिवाय कोणीही, आपणसुद्धा, जागेवरून उठू नका.