बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) पेशंट: वजन वाढलंय, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) 2.4. कुपोषण म्हणायचं का?

वरणभात:
ॲलोजेनिक (दुसऱ्या दात्याच्या पेशींचा) ट्रान्सप्लांट, पुरुष, वय 41, उंची 168 सेंमी. कंडिशनिंगआधी (ट्रान्सप्लांटपूर्वीच्या जोरदार केमोआधी) वजन 58 किलो, आज डे +9 ला, म्हणजे ट्रान्सप्लांटनंतरच्या नवव्या दिवशी, 60.6. तोंड सोललंय, ताक आणि पेज एवढंच उतरतं. अल्ब्युमिन 2.4, सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) 140. वॉर्डातून एकच धोशा, अल्ब्युमिन वाढेल असं काहीतरी द्या. एनआरएस-2002 (कुपोषणाचा धोका चाळणारा तक्ता) चा स्कोअर 5 आलाय, पण तो इथे सगळ्यांचाच चढा येतो. मग ठरवायचं कशावर?

कोरडंवजन:
चढा येणारच. त्या तक्त्यात बोन मॅरो ट्रान्सप्लांटला आजाराच्या तीव्रतेचे 3 गुण आयतेच मिळतात, आणि धोका 3 पासूनच धरतात. भरतीच्या दिवशी धडधाकट माणूसही त्यात बसतो. चाळणी म्हणून ठीक, पण या वॉर्डात ती कुणालाच वेगळं काढत नाही. पीजी-एसजीए (पेशंटला विचारून आणि तपासून भरायचा पोषणाचा तक्ता) वापरा. त्यात तोंड येणं, चव जाणं, उलट्या, जुलाब यांना वेगळे गुण आहेत.

वजनाचं म्हणाल तर पेजेवर असलेल्या माणसाचं एवढ्या दिवसांत 2.6 किलो मांस वाढत नाही, ते पाणी आहे. हिशेब 58 वरच करा. आणि ही वाढ साडेचार टक्के होते. सोबत बिलिरुबिन चढत असेल किंवा उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर आहाराचा विषय बाजूला ठेवून आजच डॉक्टरांना सांगा, व्हीओडी (यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबणं) असू शकतो.

अल्ब्युमिनचं अर्धायुष्य साधारण 20 दिवस. चार दिवस कमी खाल्लं म्हणून ते 2.4 वर येत नाही. सीआरपी 140 असताना यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं, आणि असलेलं रक्तवाहिन्यांतून झिरपतं. प्रोटीन पावडरने तो आकडा हलणार नाही. प्रीअल्ब्युमिनही (पोषणासाठी बघतात ते दुसरं प्रोटीन) दाहात असंच पडतं, स्टिरॉइड सुरू झालं की उगाच वर जातं.

मोजूनमापून:
खरी माहिती ताटात आहे. चार्टवर 'थोडं घेतलं' लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. दिलेलं मोजा, उरलेलं मोजा.

तुमच्या पेशंटची गरज 30 कॅलरी आणि दीड ग्रॅम प्रोटीन प्रतिकिलो धरा: 1740 कॅलरी, 87 ग्रॅम प्रोटीन. अर्धी वाटी दह्याच्या एक ग्लास ताकात साधारण 45 कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रोटीन. 20 ग्रॅम तांदळाच्या वाटीभर पेजेत 70 कॅलरी, दीड ग्रॅम. सहा ग्लास ताक आणि चार वाट्या पेज प्यायला तरी 550 कॅलरी, 21 ग्रॅम. म्हणजे कॅलरी तिसरा हिस्सा, प्रोटीन चौथा. निम्म्याहून कमी आहार आठवडाभर चालला की सपोर्ट द्यावा असं सांगतात. इथे तोंडातल्या जखमा भरायला अजून आठवडा जाईल, त्यामुळे वाट पाहण्यात हशील नाही. प्लेटलेट आणि उलट्या पाहून आधी नळीचा विचार, आतडं साथ देत नसेल तर टीपीएन (शिरेतून पोषण). सुरू करण्याआधी फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम बघा, उपाशी शरीराला एकदम अन्न मिळालं की ते घसरतात. सायक्लोस्पोरिनवर (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) मॅग्नेशियम तसंही तळाला असतं.

कोरडंवजन:
स्नायूंसाठी हँडग्रिप (मुठीची ताकद मोजणारं यंत्र) घ्या. बसवून, कोपर 90 अंशात, तीन प्रयत्न, सर्वांत जास्त आकडा लिहायचा. पुरुषांत 28 किलोखाली कमी म्हणतात, पण त्याच माणसाचा आकडा किती घसरला हे जास्त बोलकं. पिक लाइन (दंडातून घातलेली शिरेची लांब नळी) असलेल्या दंडाला मापाची टेप लावू नका. प्लेटलेट 10 हजारांपर्यंत खाली असताना स्किनफोल्डचा (कातडीखालची चरबी मोजायचा) चिमटाही नको, काळंनिळं पडतं. अंगात पाणी असताना बीआयए (सौम्य वीजप्रवाहाने शरीराची घडण मोजणारं यंत्र) स्नायू फुगवून दाखवतं.

वरणभात:
भरतीवेळी ग्रिप घेतलीच नव्हती.

कोरडंवजन:
मग ताप उतरलेला बघून आजच घ्या, तीच पहिली नोंद. पुढे दर आठवड्याला, तोच हात, तीच खुर्ची. डिस्चार्जनंतरही सोडू नका. जीव्हीएचडीसाठी (दात्याच्या पेशी पेशंटच्या शरीरावर हल्ला करतात त्यासाठी) स्टिरॉइड लागलं तर चेहरा भरतो, वजन जागेवर राहतं आणि मांड्या वाळत जातात. ओपीडीत हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर वजनकाट्यावर विसंबू नका.