मदत हवी आहे : पाच कॉम्प्युटरचा बॅकअप नॅसवर, प्रून (जुन्या बॅकअपची सफाई) नेमका कुठून चालवावा?

सोलापूर एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या ऑफिसात विंडोजचे ५ कॉम्प्युटर आहेत. टॅली, जॅकार्डच्या डिझाइन फाइल्स, ऑर्डरचे एक्सेल. दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेज बॉक्स) रेड १ वर आहे, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मान्यच. महिन्याला एक यूएसबी डिस्क वेगळी घरी जाते.

नॅसचा फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडलेला नाही, कारण रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) तिथवर सहज पोचतो. नॅसवर रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमचा रेस्ट-सर्व्हर ‘अपेंड ओन्ली’ (भर घालता येते, जुनं पुसता येत नाही) आणि ‘प्रायव्हेट रेपोज’ (प्रत्येकाला फक्त आपलाच साठा) लावून टीएलएसवर, म्हणजे एन्क्रिप्टेड कनेक्शनवर चालतो. प्रत्येक कॉम्प्युटरची रिपॉझिटरी (बॅकअपचा साठा) आणि पासवर्ड वेगळा. टास्क शेड्युलरमधून दुपारी १ पासून २०-२० मिनिटांच्या अंतराने बॅकअप. टॅली उघडी असली तरी फाइल सुटू नये म्हणून ‘यूज एफएस स्नॅपशॉट’ हा पर्याय, जो विंडोजकडून डिस्कचं त्या क्षणाचं चित्र घेऊन त्यातून वाचतो. त्याला ॲडमिनचे अधिकार लागतात, नाहीतर नेमकी चालू वर्षाची फाइल वाचताना एरर येतो.

अडचण रेस्टिकचे जुने स्नॅपशॉट, म्हणजे आधी घेतलेले बॅकअप काढण्याची. अपेंड ओन्लीमुळे कॉम्प्युटरवरून ‘फर्गेट’ (स्नॅपशॉट यादीतून काढणं) आणि ‘प्रून’ (त्यांचा नको असलेला डेटा पुसणं) होत नाही, आणि व्हायलाही नको. नॅसवरच चालवलं तर पाचही पासवर्ड तिथे ठेवावे लागतात. मग नॅस चोरीला गेला तर एन्क्रिप्शनचा उपयोग काय? शिवाय प्रून चालू असताना रिपॉझिटरी लॉक राहते आणि त्या वेळचा बॅकअप फेल होतो.

प्रूनसाठी वेगळा छोटा लिनक्स कॉम्प्युटर ठेवून, रेस्ट-सर्व्हरऐवजी एसएफटीपीने (फाइल्सपर्यंत थेट पोचण्याची सुरक्षित पद्धत) कुणी करतं का? ‘कीप लास्ट’ऐवजी (शेवटचे अमुक इतके स्नॅपशॉट) ‘कीप विदिन’ (अमुक दिवसांतले सगळे) किती दिवसांचं ठेवलंय? आणि लाइट जाऊन लॉक अडकला तर ‘अनलॉक’ हाताने करता की स्क्रिप्टमध्ये?