पोलंडमध्ये राहताना : तुमचे अनुभव सांगा

नवऱ्याला व्रोत्सवाफला नोकरी लागलीय, मुलगी सहा वर्षांची. 'तिथे परक्यांना त्रास देतात' इथपासून 'बिनधास्त जा' इथपर्यंत सगळं ऐकून झालं. ऐकीव नको, स्वतःचं सांगा. वाईटही चालेल.

व्रोत्सवाफ, सात वर्षं
पहिले सहा महिने वाटायचं, सगळी इमारत आपल्यावर रागावलीय. कोणी हसेल तर शपथ! मग कळलं, अनोळखी माणसाकडे बघून उगाच हसायची पद्धतच नाही. पण लिफ्टमध्ये 'जेन दोब्री' (नमस्कार) म्हटलं नाही, तर उद्धट ठरता. ते म्हणायला लागले, तशा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बोलत्या झाल्या. म्हणजे आधी ओरडल्याच : पोराला टोपी का नाही घातलीस? (माझी आजेसासूच!)

त्या वर्षी २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या रात्री, त्यांनी जेवायला बोलावलं. दारात बूट काढायला लावून सपाता पुढे केल्या, तिथेच अर्धी परकेपणाची भावना गेली. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलेलं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. 'ओप्वातेक' नावाची कागदासारखी पांढरी पापडी हातात घेऊन प्रत्येकाने दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडायचा, शुभेच्छा द्यायच्या. त्या रात्री मांस नसतं, मासे असतात. मला बिटाच्या सारात मशरूम भरलेल्या चिमुकल्या करंज्या मिळाल्या.

वॉर्सा, आयटी
माझं इतकं गोड नाही. दोनदा शिव्या खाल्ल्यात, दोन्ही वेळा रात्री उशिरा, ट्राममध्ये, प्यायलेल्या पोरांकडून. एकदा शेजारच्या बाईंनी त्यांना झापलं; दुसऱ्यांदा अख्खा डबा खिडकीबाहेर बघत बसला. दुसरं जास्त लागलं. फुटबॉल मॅचच्या दिवशी स्कार्फवाल्या घोळक्यापासून लांब राहतो. ११ नोव्हेंबरला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, राष्ट्रवाद्यांचा मोठा मोर्चा निघतो. तेव्हा शहराच्या मध्यात जात नाही. एरवी रात्री बाराला एकटा चालत घरी येतो. घर भाड्याने मिळवताना मात्र रडलो. फोनवर माझे उच्चार ऐकले की 'आत्ताच गेलं हो'.

सध्या पुण्यात
युक्रेनमध्ये मेडिकलला होते. युद्ध सुरू झाल्यावर, मार्च २०२२मध्ये, सीमेवरच्या मेदिकाच्या नाक्यावरून पोलंडमध्ये शिरलो. नाक्याअलीकडच्या रांगेबद्दल लिहवत नाही. पलीकडे व्हिसा नसताना आत घेतलं, कोणीतरी हातात गरम सूप दिलं. एका काकांनी झेशुफ शहरापर्यंत गाडीने सोडलं, पेट्रोलचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. तासाभरात चार शब्दही बोलले नसतील.

कोल्हापूरकर, वॉर्सा
आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं. वॉर्सात तिचं स्मारक आहे, पण तरुणांना पत्ता नसतो. एकदा दवाखान्यात शेजारच्या आजोबांना गाव सांगितलं, तर म्हणाले, 'वालिवादे! आई तिथे वाढली.' माझा नंबर येऊन गेला तरी हात सोडेनात.

क्राकुफ
माणसांपेक्षा कागद छळतात. राहण्याच्या कार्डासाठी अकरा महिने थांबले. मधे भारतात गेले असते तर परत यायला नवा व्हिसा, म्हणून भावाचं लग्न व्हिडिओ कॉलवर बघितलं.

धागाकर्ती
शाळेचं कोणी सांगेल? मुलीला पोलिशचा गंध नाही.

व्रोत्सवाफ, सात वर्षं
सरकारी शाळेत परदेशी मुलांना पोलिशचे जादा तास मोफत असतात. आमचा तीन महिने मुका बसला. चौथ्या महिन्यात माझे उच्चार सुधारायला लागला, तेही आजींसमोर.