मदत हवी: केदारकंठासाठी थंडीचं सामान आत्ताच सेलमध्ये घ्यावं का? (सातारा)

कासवाट

डिसेंबरअखेर उत्तराखंडातला केदारकंठा हा बर्फातला ट्रेक करायचं ठरतंय. आम्ही दोघं आणि ११ वर्षांचा मुलगा. सह्याद्रीपुरतं सामान घरात आहे, बर्फातलं काहीच नाही. फेब्रुवारी संपत आल्यामुळे सगळीकडे ४०-५० टक्के सूट दिसतेय. जॅकेट, थर्मल, बूट, स्लीपिंग बॅग असं सगळं आत्ताच घेऊन ठेवावं का? की दहा महिने पडून खराब होईल? साताऱ्याचा पावसाळा मध्ये आहे, म्हणून जास्त धास्ती. जाणकारांनी सांगावं.

उरमोडी

आत्ता घ्या, पण सगळं नको. मोठ्यांचे कपडे आत्ता, बूट पावसाळ्यानंतर, मुलाचं निम्मं आत्ता निम्मं नंतर.

आधी सूट कशावर मोजलीय ते बघा. समजा जॅकेटवर ४,००० छापलेत आणि ५० टक्के सुटीत ते २,००० ला मिळतंय. तेच जॅकेट भर हंगामात ३० टक्के सुटीने २,८०० ला विकत असतील, तर तुमची बचत ८०० रुपये, २,००० नाही. खास तेवढ्यासाठी पुण्याची फेरी मारलीत तर त्यातले बरेचसे जाण्यायेण्यात आणि जेवणातच उडतील. दुसऱ्या कामाने जाणार असाल तेव्हाच उरका.

आता काय घ्यायचं. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कापडाचं उबदार जॅकेट), त्यावर भरावाचं जॅकेट, आणि वारा-बर्फ अडवायला सगळ्यात वर तुमचं पावसाळी जॅकेट. ते फ्लीस आणि भरावाच्या जॅकेटवरून चढतंय का, हे दुकानात जायच्या आधी घरी बघून घ्या. नाही चढलं तर त्याच्याच एक माप मोठ्याचा खर्च धरावा लागेल.

थर्मल घेताना आतली चिठ्ठी वाचा. बाजारात ‘थर्मल’ म्हणून मिळणारे बरेच संच सुती किंवा सुतीमिश्रित असतात. घरात बसायला उत्तम, चढावर निकामी. घाम धरून ठेवतात आणि थांबलात की अंग गार पडतं. पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर हवी. फ्लीस २०० जीएसएमच्या (कापडाचं वजन, दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचं पुरे.

डाऊन (पिसांच्या भरावाचं) जॅकेट सेलमधलं असेल तर ते पिशवीत कोंबून ठेवलेलं नव्हतं ना, याची खात्री करा. मुठीत दाबून सोडलं की दोन-तीन मिनिटांत फुगून वर आलं पाहिजे. ट्यूबलाइटसमोर धरलं की कप्प्यांत रिकामी भगदाडं दिसतात, विशेषतः खांद्यावर; तसं असेल तर कितीही स्वस्त असो, नको. शिवणीतून पिसं टोचत बाहेर येत असतील तरी नको. चेन दोन-चारदा वरखाली करा. सेलच्या मालात सगळ्यात आधी तीच दगा देते आणि त्यावर ‘बदली नाही’चा शिक्का असतो.

थंडीत शहरोशहरी स्वेटरवाले बसतात, ते जायच्या बेतात असले की भाव उतरतो. तिथून कानटोपी, मफलर, मोजे खुशाल घ्या. स्वेटर बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. गावात चालतात, ट्रेकला जागा खातात आणि वारा आरपार जातो.

खिंडीतला

बुटांबद्दल उरमोडींशी सहमत, कारण सांगतो.

बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या तळव्यात मधला थर पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो रासायनिकरीत्या फुटत जातो, बूट एकदाही न घालता. साधारण चार-पाच वर्षांत तो भुसभुशीत होतो आणि मग ऐन वाटेत अख्खा तळवा सुटून हातात येतो. क्लिअरन्समध्ये गोदामात पडलेला माल येतो, त्यामुळे धोका तिथेच. खोक्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष छापलेला असतो, जिभेच्या आतल्या पट्टीवरही बऱ्याचदा सापडतो. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर सोडा. तारीख खोडलेली किंवा वरून चिकटवलेली असेल तरी सोडा. बूट पुढून वाकवून मधल्या थरावर नख दाबा. बारीक भेगा, चिकटपणा, भुकटी दिसली की विषय संपला. ईव्हीए या दुसऱ्या फोमचा थर असेल तर ही भानगड नाही, तो फक्त हळूहळू दबतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरात घ्या. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून माप बघा. बोटं पुढे टेकवल्यावर टाचेमागे एक बोट जायला हवं. मग अजिंक्यतारा, यवतेश्वर करत महिनाभर पायाला लावून घ्या. कोरे बूट घेऊन सांकरीला (ट्रेक सुरू होतो ते गाव) उतरू नका.

कृष्णाकाठ_सांगली

ठेवणीचं मी सांगतो, निम्मे पैसे तिथेच बुडतात. सांगलीत दमटपणा कमी, साताऱ्यात जरा जास्त, आणि तुमचं घर कासच्या बाजूला असेल तर बोलायलाच नको.

नवं असलं तरी दुकानात चार जणांनी अंगाला लावून बघितलेलं असतं. थर्मल, फ्लीस धुऊनच ठेवा. मळ-घाम राहिला की लोकर आणि पिसांना कसर लागते. पॉलिस्टरला कसर नाही, पण कुबट वास बसतो. कपडे मऊ करणारं द्रव कशालाच वापरू नका, घाम बाहेर टाकायची ताकद जाते. मे महिन्यातच एकदा उन्हं दाखवा (डाऊन मात्र सावलीत, वाऱ्यावर) आणि कपडा पूर्ण गार झाल्यावर बांधा. गरम असताना पिशवीत घातलात तर आतच घाम धरतो.

डाऊन जॅकेट त्याच्या छोट्या पिशवीत दहा महिने ठेवलंत तर भराव कायमचा बसेल. जुन्या मोठ्या अभ्र्यात सैल भरा, कपाटात वरच्या कप्प्यात. भिंतीला टेकवून नको, पावसाळ्यात भिंत पाझरते. डांबरगोळ्या टाकू नका, तो वास पिसांतून जाता जात नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून ठेवा. श्रावणात ऊन पडलं की बाहेर काढून तासभर झटका.

पावसाळी जॅकेट आतून बघा. पांढरे पोपडे सुटत असतील किंवा शिवणीवरची पट्टी उचलली असेल तर ते बर्फात भरवशाचं नाही.

कासवाट

सर्वांचे आभार. दोन शंका. मुलाचं निम्मं म्हणजे नेमकं काय? आणि स्लीपिंग बॅगवर ‘उणे १०’ लिहिलेली स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

उरमोडी

या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, कधी जास्तच. जॅकेट आणि फ्लीस एक माप मोठं आत्ता घ्या; बाही दुमडता येते, सैल चालतं. थर्मल अंगाला चिकटून बसायला हवं, म्हणून ते आणि बूट-हातमोजे नोव्हेंबरात.

स्लीपिंग बॅग घेऊ नका. मोठ्या अक्षरातला आकडा बऱ्याचदा ‘लिमिट’चा (जेमतेम निभावण्याचा) नाहीतर ‘एक्स्ट्रीम’चा (फक्त जीव वाचण्याचा) असतो. झोप लागेल तो आकडा ‘कम्फर्ट’चा, आणि तो काही अंश वरच असतो. शिवाय आयोजकांबरोबर जाणार असाल तर बॅग आणि तंबू बहुधा त्यांचेच असतात, आधी विचारून घ्या. गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) आणि बुटांना लावायचे काटे सांकरीत भाड्याने मिळतात.

खिंडीतला

भाड्याचे काटे घेताना ते तुमच्याच बुटावर तिथेच चढवून बघा. रबर ताठ पडलेलं किंवा चिरलेलं असेल तर बदलून मागा. मुलाच्या मापाचे कमी असतात, आदल्या दिवशी दुपारीच दुकान गाठा.