पंपाचे पॅनेल कोठे बसवायचे? चिपळूणमधील एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ब-१०४: सर्व सभासदांना नमस्कार. रविवारच्या सभेची विषयपत्रिका काल रात्री आली आणि त्यातील चौथा विषय वाचून मला काळजी वाटू लागली आहे. पंपाचे नवे पॅनेल आणि लिफ्टसाठीचा इन्व्हर्टर स्टिल्टमधील (इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगमधील) कोपऱ्यात, जुन्या मीटर-खोलीच्या जागी बसवण्याचा प्रस्ताव आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर ज्या खोलीतून आपण चिखल घमेल्यांनी उपसला आणि जिथल्या मीटरच्या काचेमागेही गाळ साचलेला होता, तीच ही जागा. हा प्रस्ताव कशाच्या आधारावर मांडला आहे, हे सभेपूर्वी कळावे अशी विनंती आहे.

अ-२०१ (अध्यक्ष): वहिनी, आधार स्पष्ट आहे. वाशिष्ठी आणि शिवनदीतील गाळ काढल्यापासून आपल्या आवारात पाणी शिरलेले नाही. शिवाय खाली केबल कमी लागते, दुरुस्तीला माणूस लगेच येतो आणि खर्च बराच वाचतो. मी या गावात लहानाचा मोठा झालो आहे. वाशिष्ठी काय चीज आहे, हे मला कोणी सांगायला नको.

अ-१०२: काकांशी पूर्ण सहमत. २०२१ चा पूर शंभर वर्षांतून एकदा येणारा होता आणि तो येऊन गेला. आता उगाच भीती पसरवू नये.

ब-१०४: काका, तुमच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे आणि म्हणूनच स्पष्ट लिहिते. २००९ साली मीटर-खोली बांधली, तेव्हा शेजारच्या कौलारू घराच्या भिंतीवर २६ जुलै २००५ च्या पुराची खूण होती. त्या खुणेच्या दीड फूट वर मीटर लावले गेले आणि ‘यापेक्षा वर पाणी येणे शक्य नाही’ असे इतिवृत्तात नोंदवले गेले. ते लिहिणारे सगळे जाणते होते आणि २००५ चे पाणी त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मात्र जे पाहिले तीच नदीची कमाल मर्यादा, असे त्यांनी धरून चालले. २०२१ मध्ये पाणी ती खूण ओलांडून जिन्याने वर आले आणि माझ्या दाराच्या चार पायऱ्या खाली थांबले. अंदाज कोणाचाही चुकू शकतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यानंतर इतक्या सभा झाल्या आणि त्या एका वाक्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही, आणि आता तेच वाक्य गाळाचे कारण जोडून पुन्हा आपल्यासमोर आले आहे, हे मला खटकते.

अ-१०२: त्या कोपऱ्यात आपल्या चिरंजीवांची दुचाकी उभी असते. विरोधामागे तेही एक कारण असावे, असे काहींचे म्हणणे आहे.

ब-१०४: दुचाकी आज संध्याकाळीच हलवते. आता कृपया मूळ विषयावर बोलावे.

ब-४०२ (निवृत्त अभियंता): ‘शंभर वर्षांतून एकदा’ याविषयीचा गैरसमज आधी दूर करतो, कारण तो सुशिक्षित माणसांमध्येही सर्रास आढळतो. याचा अर्थ २०२१ नंतर थेट २१२१ सालीच पाणी येणार असा होत नाही. कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक आहे, आणि मागच्या वर्षी काय घडले याची नदी दखल घेत नाही. तीस वर्षांचे गृहकर्ज घेतलेल्या माणसाने हिशेब केला, तर त्या तीस वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. नकाशावर आखलेली निळी पूररेषा तर पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि त्या पुरासाठी हाच आकडा ७० टक्क्यांच्या वर जातो. गाळ काढल्याचा फायदा निश्चित झाला आहे, तो मी मुळीच नाकारत नाही. पात्र खोल झाले की मध्यम पावसाचे पाणी लवकर निघून जाते. परंतु घाटमाथ्यावरची अतिवृष्टी, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडी धरणाकडून वाशिष्ठीत येणारे पाणी आणि दाभोळ खाडीची भरती हे तिन्ही एकाच वेळी आले, तर खोल केलेले पात्र किती पुरे पडेल, हे हमी देऊन सांगता येणार नाही.

अ-२०१ (अध्यक्ष): सर्व मान्य. तरीही वस्तुस्थिती अशी की, गाळ काढल्यापासून आपल्या आवारात पाणी शिरलेले नाही.

ब-४०२ (निवृत्त अभियंता): अध्यक्ष महाशय, २०२१ सारखा पाऊस आणि भरती त्यानंतर एकदा तरी जुळून आली असती आणि तरीही आवार कोरडे राहिले असते, तर मी आपल्या बाजूने हात वर केला असता. तशी परीक्षा अजून झालेली नाही.

ब-२०३ (विद्यार्थी): मानसशास्त्रात याला डनिंग-क्रूगर परिणाम म्हणतात. ज्याला विषयातले कमी कळते, त्याला स्वतःच्या ज्ञानाविषयी जास्त खात्री असते. कोणाविषयी बोलतो आहे, हे सांगण्याची गरज नसावी.

अ-२०१ (अध्यक्ष): पुरात ही इमारत तीन दिवस अंधारात होती, तेव्हा गळाभर पाण्यातून दोराला धरून औषधे कोणी आणली, हे घरी आईला विचारून घ्यावे आणि मग मला अडाणी ठरवावे.

ब-१०४: काकांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. ती औषधे माझ्या सासूबाईंचीही होती. बाळा, मुद्दा मांड, पण माणूस मोडीत काढू नकोस.

अ-३०३ (डॉक्टर): दवाखाना आटोपून आता सर्व संदेश वाचले. डनिंग आणि क्रूगर यांचा तो अभ्यास १९९९ सालचा असून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर झाला होता. सर्वांत खालच्या चतुर्थांशातील मुले प्रत्यक्षात शंभरांत खालून बाराव्या स्थानाच्या आसपास होती आणि त्यांना स्वतःचे स्थान खालून बासष्टावे वाटत होते, हे खरे आहे. मात्र सर्वांत हुशार मुलांनीही स्वतःला नीट जोखले नव्हते, त्यांनी स्वतःला कमी लेखले होते. या परिणामाचा काही भाग केवळ आकडेमोडीच्या पद्धतीमुळे दिसतो, असा आक्षेपही पुढे संख्याशास्त्राच्या अंगाने घेतला गेला. त्यामुळे हे नाव समोरच्याला गप्प करण्यासाठी वापरू नये. प्रत्येकाने ते स्वतःला लावून पाहावे, आणि त्यात मीही आलो.

मला त्यापेक्षा आपल्या कोकणातले उदाहरण महत्त्वाचे वाटते. महाडजवळच्या बिरवाडी येथील सरकारी आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, त्या काळी लाल विंचू चावलेली मुले डोळ्यांदेखत दगावत होती. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात होते. प्रचलित औषधे दिली जात होती आणि तरीही फुप्फुसांत पाणी होऊन मुले जात होती. ‘विष जबर होते’ एवढे म्हणून कोणीही मोकळे झाले असते. बावस्करांनी रात्र रात्र खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे गार पडणे यांची नोंद ठेवली. त्या लक्षणांवरचे त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार ठरलेला आहे म्हणून तो बरोबरच आहे, असे त्यांनी मानले नाही.

अ-२०१ (अध्यक्ष): डॉक्टर, त्यांचे कार्य थोरच आहे. परंतु विंचवाच्या औषधाचा आणि आपल्या पंपाचा संबंध लक्षात आला नाही.

अ-३०३ (डॉक्टर): संबंध नोंदीचा आहे, काका. रुग्ण वाचला की औषधाला श्रेय आणि दगावला की विषाला दोष, असा हिशेब ठेवला की औषध कधी चुकतच नाही. आवार कोरडे राहिले की गाळ काढल्याचे श्रेय आणि पाणी आले की ‘पाऊसच भयंकर होता’, हा त्याच जातीचा हिशेब झाला. आपण काय घडेल असे मानले होते आणि प्रत्यक्षात काय घडले, हे शेजारीशेजारी लिहिलेले नसेल, तर माणूस आपण बरोबर होतो असेच लक्षात ठेवतो.

ब-१०४: डॉक्टरांचे म्हणणे मला पटते आणि त्यावरून एक सूचना करते. या सभेपासून इतिवृत्तात प्रत्येक तांत्रिक मतापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: मत मांडणाऱ्याला शंभरात किती खात्री आहे, आणि काय दिसले तर ते मत बदलेल. सुरुवात माझ्यापासून करावी. पॅनेल खाली नको, याची मला शंभरात ऐंशी खात्री आहे. ती जागा २०२१ च्या पाण्यापेक्षा तीन-चार फूट उंच चौथरा बांधून वर आणता येते, तिथे दुरुस्तीला उभे राहता येते आणि तरीही खर्च वाचतो, असे मोजून दाखवले, तर मी विरोध मागे घेईन.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते, तरी लिहिते. मत बदलणाऱ्याची या ग्रुपवर काय गत होते, ते आपण पाहिले आहे. टाकीच्या गळतीबाबत एका सभासदांनी प्लंबरने दाखवलेला पाइप पाहून आपले म्हणणे बदलले, तर ‘शब्द फिरवला’ म्हणून महिनाभर त्यांना बोलणी खावी लागली. त्यानंतर त्यांनी सभेला येणे सोडले. ज्या ठिकाणी ‘माझे चुकले’ म्हणण्याची एवढी किंमत मोजावी लागते, त्या ठिकाणी शहाणा माणूसही आपलेच म्हणणे रेटत राहतो. काकांना हट्टी म्हणणे सोपे आहे, पण त्यांना हट्टी राहायला आपण सगळ्यांनीच भाग पाडले आहे. आणि काका, तुमचे अनेक अंदाज खरे ठरले, म्हणून तुम्हाला प्रश्न विचारायची आमची सवयही गेली. त्यात तोटा तुमचाही झाला आणि आमचाही.

अ-१०२: टाकीच्या विषयात तसे लिहिणाऱ्यांत मी होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. विषय जुना आहे. पॅनेलच्या खर्चाचे दोन्ही अंदाज कोणी मागवले आहेत का?

ब-४०२ (निवृत्त अभियंता): अद्याप नाही. पहिल्या मजल्याच्या वरच्या मधल्या लँडिंगवर पॅनेल नेल्यास केबल वाढेल, परंतु पंप खालीच राहील. पुरात पंप बुडाला तरी तो काढून, सुकवून पुन्हा बसवता येतो, पण पॅनेल आणि बॅटऱ्या बहुधा टाकूनच द्याव्या लागतात. माझे मत लँडिंगच्या बाजूने आहे आणि खात्री शंभरात पंच्याऐंशी. लँडिंगवरून येण्याजाण्याची वाट अरुंद होत असेल, तर मी फेरविचार करीन.

अ-२०१ (अध्यक्ष): गाळ काढल्यापासून आपल्या आवारात पाणी शिरलेले नाही, हे मी पुन्हा नमूद करतो.

अ-३०३ (डॉक्टर): काका, ते नमूद झाले आहे. त्यापुढचा आकडा हवा आहे.

अ-२०१ (अध्यक्ष): शंभरात नव्वद लिहा. मोजणीशिवाय मी जागा बदलणार नाही आणि मोजणी झाल्यावर जे निघेल ते नाकारणारही नाही. शनिवारी सकाळी आठ वाजता अभियंता साहेबांनी लेव्हल (उंची मोजण्याचे साधन) घेऊन यावे. २०२१ ची खडूची खूण रंगकामात गेली, पण वहिनींच्या जिन्यातील चौथी पायरी सर्वांना माहीत आहे, तेथून मोजता येईल. दोन्ही जागांचे खर्चाचे अंदाज सचिवांनी रविवारपूर्वी मागवावेत. तोपर्यंत चौथा विषय ‘निर्णय’ऐवजी ‘चर्चा’ असा वाचावा.

ब-१०४: धन्यवाद, काका. पायरीवर आमच्या कुंड्या आहेत, त्या शुक्रवारी रात्रीच उचलून ठेवते.